घरगाडीला कॅमेरा लावताना चोराचा हात आधी कुठं जातो ते बघा

कॅमेरा होता, तरी बॅटरी गेली. तिथूनच सांगायला लागते.

आमची ट्रॅव्हलर गाडी बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या गल्लीत शिरत नाही. मालकांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, नोकरी सोडल्यावर आम्ही ती जुनी घेतली आणि दोघांनी मिळून आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी, वर सोलर असं सगळं उभं केलं. सौंदत्तीला, पंढरपूरला, गोकर्णाला त्याच गाडीनं जातो. माझे गुडघे गेलेत, लॉजचे जिने चढवत नाहीत, म्हणून ही गाडी म्हणजे माझे पाय आहेत. घरी जागा नाही, तेव्हा ती हिंडलग्याकडं धाकट्या दिरांच्या मोकळ्या प्लॉटवर उभी असते. स्कूटरवरून जायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात.

दुकानातल्या माणसानं एक कॅमेरा बसवून दिला होता. रात्री पावणेतीनला कुणीतरी आला. क्लिपमध्ये एक रबरी चप्पल दिसते, फुल शर्टाची बाही दिसते, तोंडात धरलेल्या टॉर्चचा उजेड हलतो, आणि सात सेकंदांत पडदा काळा. सकाळी जाऊन बघितलं तर बॅटरी नाही, स्टेपनी नाही. केबलचं टोक मी हातात घेऊन बघितलं. मी बावीस वर्षं उद्यमबागेत मोटर वाइंडिंग केलंय, तांब्याची तार ओढून तुटली की पक्कडनं कापली हे मला बोटाला कळतं. सगळे धागे एका रेषेत होते. त्यानं पहिल्यांदा बॅटरीचीच वायर कापली, आणि कॅमेरा त्याच बॅटरीवर चालत होता. कापल्याबरोबर कॅमेरा मेला.

म्हणून किती मेगापिक्सेल, किती कॅमेरे, हे सगळं नंतर. आधी कॅमेऱ्याचा करंट चोराच्या हाताला लागणार नाही असा ठेवा.

मी केलं ते असं. गाडीच्या आत, पलंगाखालच्या फळीमागं, यूपीएसमध्ये असते तसली १२ व्होल्ट ७ एएचची (ॲम्पिअर-अवरची) छोटी बॅटरी ठेवली. गाडीतल्याच, सोलरवर भरणाऱ्या मोठ्या बॅटरीवरून ती चार्ज होते, खरं थेट वायर जोडलेली नाही. मधे व्होल्टेज कमी-जास्त करून एका आकड्यावर ठेवणारं बक-बूस्ट मॉड्युल आहे, १३.६ व्होल्ट आणि १ ॲम्पिअरवर बांधलेलं. त्याच्यापुढं एक डायोड, म्हणजे करंट छोटीकडं येतो, उलटा परत जात नाही. बाहेरची वायर कुणी कापली, शॉर्ट केली, तरी छोटी बॅटरी शाबूत राहते. कॅमेरे ५ व्होल्टवर चालणारे आहेत, त्यांना छोटीवरून व्होल्टेज उतरवणारं दुसरं बक मॉड्युल दिलंय. दोन्ही बॅटऱ्यांच्या प्लस टोकाजवळ, वीतभर अंतराच्या आत, फ्यूज टाकलाय. गाडीत फ्यूजशिवाय वायर ओढू नका. चोरी परवडली, आग परवडत नाही. आत गॅसची टाकी असते.

हिशोब सोपा आहे. एक कॅमेरा रात्रीच्या लाइटसकट साधारण ५ वॉट खातो, म्हणजे दिवसाला १२० वॉट-अवर. ७ एएचच्या बॅटरीत ७ गुणिले १२ व्होल्ट, म्हणजे ८४ वॉट-अवर असतात, ते सगळे काही काढता येत नाहीत. एका कॅमेऱ्याला दहा-बारा तास, दोघांना पाच-सहा. चोर निघून जाईपर्यंत तेवढे पुरतात. रोजचा खर्च मोठी बॅटरी आणि सोलर भागवतात. आमची मोठी लिथियम फॉस्फेटची, १२.८ व्होल्ट १०० एएच आहे, म्हणजे १२८० वॉट-अवर. दोन कॅमेऱ्यांना सूर्य न दिसता पाच दिवस निघतात. हेच चार कॅमेरे आणि वर रेकॉर्डर लावलात तर दिवसाला ६०० वॉट-अवर लागतील आणि आषाढात तिसऱ्या दिवशी सगळं बंद पडेल. बेळगावचा आषाढ म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको. आणि इंजिनच्या बॅटरीवर कॅमेरा कधीच जोडू नका. सकाळी गाडी स्टार्ट होणार नाही.

सोलरची प्लेट अंगावरच घेऊन येणारे, सिम घालायचे तयार कॅमेरे मिळतात. वायरिंग जमत नसेल तर ते घ्या, वाईट नाहीत. त्यांची खोट एवढीच की करंट वाचवायला ते झोपलेले असतात. माणसाच्या अंगाची ऊब कळली की जागे होतात, आणि जागे होईतो सेकंद-दोन सेकंद जातात. आडवा चालत गेलेला माणूस त्यांना लवकर कळतो, सरळ कॅमेऱ्याकडं चालत आलेला उशिरा कळतो. म्हणून कॅमेरा वाटेच्या तोंडासमोर न लावता वाटेला आडवा बघेल असा लावा.

आता जागा. गाडीभोवती चोरासारखी एक फेरी मारा, अंधार पडल्यावर. आमच्या गाडीला हात लागतील अशा जागा पाच: बॅटरीची पेटी, मागं खालची स्टेपनी, डिझेलचं झाकण, डावीकडचा सरकता दरवाजा, आणि शिडीवरून छतावरची सोलर प्लेट. एकाच कॅमेऱ्यानं हे पाचही दिसत नाहीत. दोन कॅमेरे समोरासमोरच्या कोपऱ्यांवर तिरपे लावले, एक पुढं डावीकडं, एक मागं उजवीकडं. मग गाडीच्या चारही बाजू येतात आणि एका कॅमेऱ्याला हात घालणारा दुसऱ्यात सापडतो. उंची सात-आठ फूट ठेवा. त्याच्या वर गेलात की टोपीच दिसते, चेहरा नाही.

काचेच्या आतून बाहेर बघणारा कॅमेरा रात्री उपयोगाचा नाही, हे पैसे घालवून शिकले. त्याचा इन्फ्रारेड उजेड काचेवरच आदळतो आणि सगळं पांढरं होतं. ऊब ओळखणारा सेन्सर तर काचेपलीकडचं काही ओळखतच नाही. आतला कॅमेरा आतच बघू द्या, दरवाजाकडं तोंड करून. तो दिसणार नाही असा ठेवा. आमचा मसाल्याच्या डब्यांच्या फळीवर आहे. बाहेरचे मात्र ठळक दिसू देत. बघूनच परत फिरणारा चोर सगळ्यात स्वस्त पडतो.

सगळ्यात कामाचा कॅमेरा मात्र गाडीवर नाहीच. तो प्लॉटच्या कोपऱ्यावरच्या खांबाला आहे, गाडीकडं तोंड करून. हे माझ्या भाच्यानं सुचवलं, तो कॅमेरेच बसवतो. म्हणाला, "आत्ती, गाडीच उचलून नेली तर तुझे सगळे कॅमेरे आणि कार्डं चोराबरोबर जातील की." खरंच होतं ते. खांबावरच्याचं रेकॉर्डिंग तिथंच राहतं. तो लावल्यावर फोनवर बघितलं तर शेजारच्यांच्या मागल्या दारची न्हाणी त्यात येत होती. त्याच संध्याकाळी कॅमेरा फिरवला, उरलेल्या भागावर ॲपमधून काळी पट्टी टाकली, आणि त्या वहिनींना बोलावून स्क्रीन दाखवला. आपली गाडी जपताना दुसऱ्याच्या घरात डोळा जाऊ नये.

विकत घेताना बीआयएसची, म्हणजे सरकारी मानक संस्थेची, नोंदणी असलेलाच कॅमेरा घ्या. एप्रिल २०२५ पासून सुरक्षेच्या तपासणीतून पास झालेलेच कॅमेरे विकायचे असा नियम आहे. पेटीतून काढल्यावर पहिलं काम म्हणजे कंपनीचा पासवर्ड बदलणं. पावसासाठी अंगावर आयपी६६ किंवा ६७ लिहिलेलं बघा, धूळ-पाणी आत न शिरण्याचा तो दर्जा. पाणी मात्र बहुतेक वेळा कॅमेऱ्यातून नाही, जोडातून शिरतं. वायर भोकात शिरायच्या आधी खाली एक झोळ सोडा, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जातं. भोकाला रबरी ग्रोमेट, म्हणजे पत्र्याची कड वायरला लागू न देणारी चकती, आणि सिलिकॉन.

मेमरी कार्ड साधं मोबाइलचं घालू नका, सतत लिहिणं सोसणारं 'हाय एन्ड्युरन्स' मागा. २ एमबीपीएसवर (सेकंदाला २ मेगाबिट) रेकॉर्डिंग ठेवलं तर एका कॅमेऱ्याचं दिवसाला साधारण २१ जीबी होतं, १२८ जीबीचं कार्ड पाच-सहा दिवस पुरतं, मग जुन्यावर नवं चढतं. तुम्ही आठ दिवस गाडीकडं फिरकत नसाल तर फक्त हालचालीचं रेकॉर्डिंग ठेवा.

कॅमेऱ्याच्या नेटसाठी सिम कुठलं घ्यायचं ते जाहिरात बघून ठरवू नका. दोन-तीन जणांचे फोन घेऊन गाडीच्या शेजारी उभं राहा आणि कॅमेऱ्याच्या उंचीवर धरून रेंज बघा. रिचार्जची तारीख कॅलेंडरवर लिहा.

मग अलर्ट. पहिल्या आठवड्यात मला एका रात्रीत चाळीस-चाळीस वेळा फोन वाजायचा: कुत्रं, पाऊस, वाऱ्यानं हलणारी एरंडाची फांदी. सगळ्यात जास्त कोळी. रात्री कॅमेऱ्याच्या उजेडाला किडे येतात, किड्यांसाठी कोळी जाळं विणतो, आणि भिंगासमोरचा तो एक धागा माणसाएवढा दिसतो. असं झालं की माणूस आवाज बंद करून झोपतो, आणि नेमका त्याच रात्री घात होतो. ॲपमध्ये 'फक्त माणूस' निवडा, गाडीभोवतीचा सहा-सात फुटांचा पट्टाच आखा, फांदी छाटा, आठवड्यातून एकदा भिंगाभोवती फडकं मारा. आता मला महिन्यात दोन-तीनदाच वाजतं, आणि वाजलं की मी उठते.

उठून करायचं काय? मी पंचवीस मिनिटांवर. म्हणून अलर्ट एका घरी नको, दोन घरी पाहिजे. प्लॉटच्या पलीकडं राखणदार काका राहतात, त्यांच्या पोराच्या फोनवर तेच ॲप घालून दिलंय. काकांना मराठी कळतं, बोलतात कानडी. त्यांनीच शिकवलं की कॅमेऱ्याच्या स्पीकरवरून आरडाओरडा करायचा नाही, सावकाश पण ठणठणीत विचारायचं, "यार्री अदु?" आणि मग मराठीत, "कोण हाय तिथं?" सीमेवरचा चोर कुठल्या भाषेचा ते आपल्याला काय माहीत. तोवर दुसऱ्या फोनवरून ११२. एकट्यानं काठी घेऊन धावू नका, मालकांनाही मी जाऊ देत नाही.

गेल्या वैशाखात हे सगळं एकदा कामाला आलं. दोन वाजून दहा मिनिटांनी एकजण बॅटरीच्या पेटीशी वाकला. आता त्या पेटीला जाड पत्र्याचं झाकण आणि आतून कडी आहे, त्यात त्याची मिनिटभर खटपट गेली. तेवढ्यात स्पीकरवरून माझा आवाज आणि पलीकडून काकांचा टॉर्च. तो कुंपणावरून गेला. झाकणावर पान्याचा एक ओरखडा आहे. कुलपं, स्टीअरिंग लॉक, पेटीची कडी यांनी वेळ काढून द्यायचा आणि कॅमेऱ्यानं त्या वेळात माणसं उठवायची, अशी कामं वाटलेली असली तरच जमतं.

प्रवासात गोष्ट वेगळी. हायवेला निपाणी-संकेश्वरकडं रेंजची अडचण येत नाही, तिथं ढाब्याच्या दिव्याखाली, सरकता दरवाजा भिंतीकडं करून गाडी लावा. खरं जांबोटी ओलांडून कणकुंबी-चोर्ल्याकडं निघालात की रेंज येते-जाते. तिथं अलर्टच्या भरवशावर राहू नका, कार्डावर रेकॉर्डिंग चालू आहे एवढं बघा आणि गाडीतच झोपा. जीपीएस ट्रॅकर एक वेगळा असू दे, स्वतःच्या बॅटरीचा, कॅमेऱ्यांपासून लांब लपवलेला. डॅशकॅमला (काचेजवळच्या कॅमेऱ्याला) उभ्या गाडीतही चालणारा पार्किंग मोड असेल तर त्याची कटऑफ, म्हणजे बॅटरी किती उतरली की बंद व्हायचं तो आकडा, १२ व्होल्टच्या खाली नेऊ नका.

चोरी झालीच तर पहिल्यांदा कार्ड काढा. नाहीतर त्यावर नवं रेकॉर्डिंग चढेल. क्लिप कापू नका, फक्त व्हॉट्सॲपवरून पाठवून मोकळं होऊ नका. तिथं ती दाबली जाते आणि मूळ राहत नाही. कोर्टात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग आपण भरायचा, दुसरा जाणकारानं, आणि फाइलचा हॅश, म्हणजे फाइलवरून काढलेला अंगठ्याच्या ठशासारखा आकडा, त्यात येतो. फाइलला हात लागला की हॅश बदलतो. कॅमेऱ्यातली तारीख-वेळ आधीच तपासून ठेवा. करंट गेल्यावर काही कॅमेऱ्यांचं घड्याळ मागं जातं; आमच्या पहिल्या क्लिपवर भलतंच साल होतं आणि ते समजावून सांगण्यात माझा अख्खा दिवस गेला.

आपल्या भागात आणखी एक प्रश्न येतो. गाडी केए-२२ ची, म्हणजे बेळगाव पासिंगची, चोरी झाली महाराष्ट्रात कागलजवळ, मग तक्रार कुठं? जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात, चोरी कुठल्याही हद्दीतली असली तरी जवळच्या ठाण्यात माहिती नोंदवता येते, तिला झिरो एफआयआर म्हणतात. ऑनलाइन कळवलं तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. विम्याच्या कागदात सोलर, बॅटरी, कॅमेरे लिहून घ्या, बिलं जपा. मूळ गाडीबरोबर न आलेलं सामान न लिहिता भरपाईत येत नाही.

आणि परीक्षा घ्या. आम्ही अमावास्येला गाडीची पूजा करतोच. आता नारळ फोडायच्या आधी, अंधार पडल्यावर, मालक डोक्यावर टोपी घालून, तोंडात टॉर्च धरून गाडीकडं येतात. मी घरी शहापुरात फोन घेऊन बसते. ते बॅटरीची मेन वायर काढतात. मला अलर्ट किती सेकंदांत आला, चेहरा ओळखू आला का, वायर काढल्यावर चित्र चालू राहिलं का, हे तीन मी वहीत लिहिते. मागच्या खेपेला अकरा सेकंद लागले होते. मागच्या कॅमेऱ्यात चेहरा आला नव्हता, म्हणून तो चार बोटं खाली घेतलाय.