कासवाचं पिल्लू खात नाही? चारा बदलण्याआधी या चुका टाळा

पिल्लू घरी येऊन तिसरा दिवस झाला की प्रश्न ठरलेला असतो: "भाऊ, कोबी दिला, काकडी दिली, केळं दिलं, तोंडच उघडत नाही. अजून काय देऊ?" काहीच नका देऊ. बहुतेक वेळा अडचण चाऱ्यात नसते, पिल्लू गारठलेलं किंवा तहानलेलं असतं. कासवाचं शरीर स्वतःची ऊब तयार करत नाही. बाहेरून ऊब मिळाली तरच त्याला भूक लागते आणि खाल्लेलं पचतं. म्हणून आधी ऊब, मग पाणी, मग लपायला आडोसा, आणि चारा सगळ्यात शेवटी.

पुढचं सगळं सुलकाटा या आफ्रिकन, जमिनीवरच्या कासवाबद्दल आहे. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं स्टार कासव कुणी दिलं असेल तर ते घरात ठेवणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवा. सुलकाटाचीही २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, तेव्हा विकणाऱ्याकडून कागद आधी घ्या, पिल्लू नंतर. डोळ्यामागे लाल पट्टा आणि बोटांमध्ये पडदा दिसत असेल तर ते पाण्यातलं कासव आहे. त्याची निगा पूर्ण वेगळी.

"थंडी आहे, झोपलं असेल"

या समजुतीने बरीच पिल्लं जातात. दर हिवाळ्यात तोच क्रम पाहायला मिळतो. डिसेंबर-जानेवारीत जळगाव-धुळ्याकडे पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास येतो. चाळीस ग्रॅमचं पिल्लू फरशीवर ठेवलेल्या काचेच्या टाकीत असतं. वर एक पिवळा बल्ब, तोही रात्री बंद. पहिल्या दिवशी ते थोडी काकडी खातं, घरचे खूश होतात. रात्री अंग गार पडतं आणि खाल्लेलं पोटात तसंच राहतं. दुसऱ्या दिवशी ते कोपऱ्यात मान आत ओढून बसतं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी सांगतं की कासवं हिवाळ्यात झोपतात, उठवू नका. आठवड्याने नाकाशी बुडबुडे येतात, ते मान लांब करून तोंडाने श्वास घेऊ लागतं. तेव्हा धावपळ सुरू होते. तोवर फुप्फुसाला संसर्ग झालेला असतो.

सुलकाटा शीतनिद्रा घेत नाही. ते सहाराच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यातलं जनावर आहे. तिथलं ऊन आणि गारवा दोन्ही टाळण्यासाठी ते जमिनीत खोल बिळं करतं. पिल्लू थंडीत निपचित पडलं तर ते झोपलेलं नसतं, गारठलेलं असतं.

उपाय साधा आहे, पण त्यात काटकसर चालत नाही. झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा घ्या, हवेसाठी झाकणाला भोकं पाडा. तळाला पाच ते सात सेंटिमीटर ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दाबून पसरा. मुठीत दाबल्यावर त्याचा गोळा झाला पाहिजे, पाणी ठिबकता कामा नये. एका टोकाला ऊब घेण्याची जागा ३५ ते ३८ अंश, बाकी डबा २७ ते ३० अंश. रात्री २६ च्या खाली उतरू देऊ नका. रात्रीसाठी उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लावा. होल्डर सिरॅमिकचाच हवा, कारण प्लास्टिकचा वितळतो. सोबत ठरवलेल्या तापमानाला हीटर आपोआप चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट हवाच. थर्मामीटरची वायर पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ठेवा. झाकणाला चिकटवलेला थर्मामीटर झाकणाचं तापमान सांगतो. वीज गेली तर गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून थर्माकोलच्या खोक्यात ठेवा आणि पिल्लू त्यात हलवा.

ओलसर कोकोपीट ऐकून लोक दचकतात: "वाळवंटातलं कासव ना?" मोठं झाल्यावर तसं. पिल्लं मात्र दमट बिळात, झुडपांच्या मुळाशी दडून वाढतात. कोरड्यात वाढवलेल्या पिल्लाच्या कवचाला ढेकळांसारखे उंचवटे येतात आणि ते परत सपाट होत नाहीत. डब्यात ७० ते ८० टक्के आर्द्रता ठेवा. पण दमटपणा आणि गारवा एकत्र आले तर छाती धरते, म्हणून आधी हीटर, मग पाणी शिंपडणं.

पाण्याची वाटी ठेवली की झालं, असं नाही

रोज सकाळी उथळ ताटात कोमट पाणी घ्या. खालचं आणि वरचं कवच जुळतं तिथपर्यंत, लहान पिल्लाला दीड-दोन सेंटिमीटर पुरतं. पंधरा-वीस मिनिटं बसू द्या. ते मान खाली घालून बराच वेळ पाणी ओढतं, मग त्याच पाण्यात घाण करतं. पांढरी, मलईसारखी लघवी ठीक. ती रव्यासारखी खरखरीत लागली तर अंगात पाणी कमी आहे. न खाणारी कितीतरी पिल्लं चार-पाच दिवसांच्या या अंघोळीनेच तोंड उघडतात. अंघोळीनंतर एक तास ऊब, मग चारा. रात्री चारा टाकू नका.

केळं, आणि बांधावरचं गवत

केळीच्या मुलखात राहतो म्हणून कासवाला केळं द्यायचं, हा शॉर्टकट पाहून खरंच वाईट वाटतं. पिल्लू ते हावरटासारखं खातं, तोंड पिवळं होईपर्यंत, आणि घरच्यांना वाटतं प्रश्न सुटला. या कासवाचं आतडं तंतुमय गवत आंबवून पचवण्यासाठी बनलेलं आहे. साखरेने तिथले जिवाणू बिघडतात आणि शेण पातळ होतं. केळ्यात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस जास्त असतो, म्हणजे कवचालाही फायदा नाही. वर चटक लागलेलं पिल्लू गवताकडे बघत नाही ते वेगळंच.

गवतावर आणायचं असेल तर कोवळी हरळी किंवा मारवेल कात्रीने एक-दीड सेंटिमीटर कापा, पाणी शिंपडा आणि खरखरीत शहाबादी फरशीच्या तुकड्यावर ठेवा. त्यावर जास्वंदीच्या लाल पाकळीचे बारीक तुकडे टाका. लाल-पिवळ्या रंगाकडे पिल्लू वळतं. आधी एक तुकडा सुटा दिसतो, दुसरा गवताला चिकटलेला असतो, चावताना दोन्ही तोंडात जातात. दहा-बारा दिवसांत पाकळ्या कमी करत न्या. तुतीची पानं, जास्वंदीची पानं, काटे काढलेला निवडुंगाचा फडा हे सगळं चालतं. घोळ, तांदुळजा आणि पालकात ऑक्झॅलेट जास्त, ते कॅल्शियम अडवतं, म्हणून कधीतरीच. लसूणघासात प्रथिनं जास्त, तोही चिमूटभरच. कोवळी ज्वारी गुरांनाही बाधते, ती नकोच.

आता बांध. कपाशीच्या बांधावरचं हिरवंगार गवत फुकट मिळतं म्हणून उपटून आणतात. कपाशीवर मारलेल्या औषधाचे तुषार त्या गवतावर बसतात. काही कीटकनाशकं आंतरप्रवाही असतात, म्हणजे पानाच्या आत शिरतात, आणि तीन पाण्यांनी धुतलं तरी निघत नाहीत. बांधावर तणनाशक मारलेलं असेल तरी गवत एक-दोन दिवस हिरवंच दिसतं. तेवढ्यात कुणीतरी कापून नेतं. चाळीस ग्रॅमच्या जिवाला किती विष पुरेल याचा विचार करा. घरच्या कुंडीत हरळी लावा, पसरट ट्रेमध्ये गहू पेरा. आठ-दहा दिवसांत कापता येतो. एवढा धीर नसेल तर कासव आणू नका. ते मोठं होऊन तीस-चाळीस किलोंचं होतं आणि अनेक दशकं जगतं.

कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा तुकडा ठेवा, काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो.

बाकीच्या चुका

दुपारचं ऊन: मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो. गच्चीवरच्या टबमध्ये सावली नसेल तर पिल्लू काही मिनिटांत भाजून मरतं. उन्हाळ्यात फक्त सकाळचं कोवळं ऊन, अर्धा भाग सावलीत, वर जाळी, कारण कावळा टपलेला असतो.

खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात यूव्हीबी किरण नसतात, त्याचा हाडांना उपयोग नाही. बाहेर काढणं जमत नसेल तर यूव्हीबी ट्यूब लावा.

पहिले दोन आठवडे उचलणं, पाहुण्यांना दाखवणं, मुलांच्या हातात देणं बंद. दोन पिल्लं एका डब्यात नकोत, दबलेलं खात नाही. कवचाला तेल किंवा रंग लावू नका. सिरिंजने तोंडात काही ढकलू नका, ते श्वासनलिकेत जातं.

दर रविवारी अंघोळीआधी एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर वजन करून वहीत लिहा. डबा नीट उबदार असूनही पिल्लू आठवडाभर खात नसेल, वजन दहा टक्क्यांनी घटलं असेल, डोळे सुजले असतील किंवा नाक वाहत असेल तर दवाखाना गाठा. आधी फोन करून विचारा, कारण बरेच डॉक्टर गुराढोरांचंच बघतात. नेताना थर्माकोलच्या खोक्याला भोकं पाडा, गरम बाटली ठेवा, ताजं शेण डबीत घ्या आणि वजनाची वही सोबत ठेवा.