ख्रिस्ती नीतीवर चर्चा करताना या चुका टाळा

ठाण्यात किंवा वाशी-नेरूळकडे अभ्यासगट जमला की एकाच दिवाणखान्यात दोन-तीन परंपरा शेजारी बसतात: वसईकडचे कॅथलिक, नगरकडून आलेले प्रोटेस्टंट, केरळचे मार्थोमा. गर्भपात, मृत्युदंड, मद्यपान, कुठलाही विषय काढा, थोड्या वेळात आवाज चढतात. विषय अवघड असतोच, पण शेवटचा शब्द कोणाचा हे आधी ठरलेलं नसतं. पवित्र शास्त्र, परंपरा, बुद्धी आणि अनुभव हे चार आधार बहुतेकांना मान्य असतात. भांडण होतं ते त्यांच्या क्रमावरून. म्हणून पहिल्या पाच मिनिटांत प्रत्येकाने आपला क्रम सांगावा.

आज्ञा आकड्याने सांगू नका. दहा आज्ञांचा अध्याय, बायबलमधला निर्गम 20, सगळ्यांचा एकच, पण मोजणी वेगळी. कॅथलिक आणि लूथरन परंपरेत ‘सहावी आज्ञा’ म्हणजे व्यभिचाराची. इतर बहुतेक प्रोटेस्टंटांकडे सहावी म्हणजे खून न करण्याची. ‘सहावीचा भंग’ असं कोणी म्हटलं की अर्धा गट भलत्याच पापाचा विचार करत बसतो. आज्ञा शब्दांत म्हणा.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो एकच वचन उचलून निकाल देण्याने. जुन्या करारातलं लेवीय 19 उघडा. अठराव्या वचनात शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करायला सांगितलं आहे. लगेच पुढच्या, एकोणिसाव्या वचनात दोन प्रकारच्या सुतांचं मिश्र कापड घालायला मनाई आहे. पहिलं आपण पाळतो आणि टेरिकॉटचा शर्ट घालून चर्चला जातो, ते कशाच्या आधारे? तेराव्या शतकात कॅथलिक धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांनी जुन्या करारातल्या आज्ञांचे नैतिक, विधीविषयक आणि न्यायविषयक असे तीन भाग सांगितले. 1647 च्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रातही, म्हणजे प्रोटेस्टंटांच्या श्रद्धेच्या जाहीरनाम्यातही, हीच विभागणी येते. पण लेवीयात अठरा आणि एकोणीस या वचनांच्या मध्ये तसा मथळा कुठेच नाही. म्हणजे ‘आम्ही फक्त शास्त्र मानतो’ म्हणणाराही इथे परंपरा आणि बुद्धी वापरत असतो. ते मान्य करण्यात कमीपणा नाही, उलट चर्चा प्रामाणिक होते. वचन पुढे करण्याआधी पूर्ण अध्याय वाचा, आज्ञा कोणाला दिली ते पाहा, मग नव्या करारात तिचं काय झालं ते शोधा. सुंतेबद्दल प्रेषितांची कृत्ये 15 मध्ये वाद, साक्ष, शास्त्राचा दाखला आणि एकत्र घेतलेला निर्णय असं सगळं दिसतं. गटासाठी याहून चांगला नमुना नाही.

‘फक्त शास्त्र’ याचा अर्थ शास्त्र हे शेवटचं माप, इतकाच. दुसरं काही वाचूच नये, असा नव्हे. 1521 मध्ये जर्मनीतल्या वर्म्सच्या सभेत प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या लूथर यांनीही आपल्याला शास्त्राने किंवा स्पष्ट युक्तिवादाने पटवा, असंच म्हटलं होतं.

कॅथलिक बाजूची चूक वेगळी. ‘पोप म्हणाले’ एवढ्यावर थांबू नका. कुठे म्हणाले? महासभेचा (जगभरच्या बिशपांच्या सभेचा) दस्तऐवज, पोपचं परिपत्रक, प्रवचन आणि मुलाखत यांचं वजन सारखं नसतं. पोपच्या अचूकतेची, म्हणजे श्रद्धा-नीतीबद्दल अधिकृत घोषणा करताना पोप चुकत नाहीत या शिकवणुकीची, व्याख्या 1870 मध्ये झाली. त्यानंतर तिचा ठळक वापर झाला तो 1950 मध्ये, मरियेच्या स्वर्गग्रहणाबद्दल. तो नीतीचा प्रश्नच नव्हता. पण ‘अचूक म्हणून घोषित नाही, मग ऐच्छिक’ हेही चूक. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेच्या 1964 च्या दस्तऐवजात अशा शिकवणुकीलाही आदराने मान्यता द्यावी, असं स्पष्ट म्हटलं आहे.

सदसद्विवेकबुद्धी म्हणजे ‘मला वाटतं’ नव्हे. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या 1790 व्या परिच्छेदानुसार तिचा ठाम निर्णय पाळलाच पाहिजे. अज्ञानामुळे ती चुकू शकते, हेही त्याच परिच्छेदात आहे. म्हणून विचारा: या प्रश्नावर काय वाचलं, कोणाचा सल्ला घेतला, या उत्तरात माझा फायदा किती?

विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट. त्याच ग्रंथात 1750 पासून नैतिकतेचे तीन ‘स्रोत’ येतात: कृतीचा विषय, हेतू आणि परिस्थिती. ते एका कृतीचं मोजमाप आहे. परीक्षेत अधिकाराचे आधार (शास्त्र, परंपरा, बुद्धी, अनुभव) विचारले असता हे तीन लिहू नका.

आता आयव्हीएफ, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करण्याचा उपचार, घ्या. बायबलमध्ये थेट वचन नाही. 1987 च्या व्हॅटिकनच्या सूचनापत्रानुसार पती-पत्नीचीच बीजं वापरली तरी ते अमान्य आहे, कारण गर्भधारणा दांपत्यसंबंधापासून तुटते. गर्भाच्या नाशाचा प्रश्न त्याशिवाय राहतोच. नैसर्गिक संबंधाला मदत करणारे उपचार मात्र चालतात. प्रोटेस्टंट मंडळ्यांत (चर्चमध्ये) एकमत नाही. बीजं दांपत्याचीच आहेत का आणि गर्भांचं काय होणार, यावर भर असतो. जोडप्याशी बोलताना आधी त्यांची मंडळी कोणती ते विचारा. मग संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारायला सांगा: किती गर्भ तयार करणार, किती गोठवणार आणि उरलेल्यांचं काय करणार.