मुलाखतीत ऑटिझमबद्दल सांगायचं कधी, कसं?

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतून अकाउंट्सच्या जागेसाठी बोलावणं आलंय आणि तुम्ही ऑटिस्टिक आहात. सांगायचं की नाही, हा निर्णय मुलाखतीच्या खुर्चीवर बसून घेऊ नका.

आधी नोकरी कुठली ते बघा. दिव्यांग कोट्यातून सरकारी जागा हवी असेल तर लपवण्याचा प्रश्नच नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 4 टक्के आरक्षण आहे. त्यातला 1 टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार वगैरे गटांना मिळून. त्यासाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, ऑनलाइन अर्ज जाहिरात निघण्याआधीच भरून टाका.

खासगीत सांगणं तुमच्या मर्जीवर. सांगायचं ठरलं तर नुसतं निदान सांगून थांबू नका. साहेब मान डोलावतात, पण आपण नेमकं करायचं काय, हे त्यांना उमगत नाही. मुलाखतीची वेळ कळली की एचआरला मेसेज टाका:

‘नमस्कार मॅडम. मी ऑटिस्टिक आहे. एकदम दोन-तीन प्रश्न आले की माझा गोंधळ होतो, तरी एकेक प्रश्न विचारावा. मुलाखत मशिनच्या आवाजापासून लांबच्या खोलीत झाली तर बरं होईल. टॅलीवर काम करून दाखवायची माझी तयारी आहे.’

शेवटचं वाक्य गाळू नका, तुमची जमेची बाजू तिथेच दिसते. निदान सांगायचं नसेल तर ‘मी ऑटिस्टिक आहे’ तेवढं काढा. बाकीचा मेसेज तसाच चालतो.

गप्पांची तयारी करा. आपल्याकडे ‘गाव कुठलं? वडील काय करतात? अमक्यांचे तुम्ही कोण?’ इथूनच सुरुवात होते. एकेका वाक्याची उत्तरं ठरवून ठेवा. ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हणजे शिक्षण, केलेलं काम आणि तुम्हाला काय काय करता येतं ते; दोन मिनिटांत. प्रश्न मोघम वाटला तर सरळ विचारा: ‘सर, आधीच्या कामाबद्दल विचारताय का?’ डोळ्यांत बघणं जड जात असेल तर वही समोर ठेवून टिपत बोला.

सोबत आई किंवा मामा आले तर त्यांनी बाहेरच थांबावं. आत येऊन ‘पोरगं हुशार आहे हो’ म्हटलं की साहेब पुढचे प्रश्न त्यांनाच विचारायला लागतात.

नेमणूकपत्र हातात पडल्यावर कामाच्या जागी हव्या असलेल्या सोयी लेखी मागा. समान संधी धोरण प्रत्येक आस्थापनेला ठेवावं लागतं. 20 किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्यात दिव्यांगांच्या सोयी बघणाऱ्या संपर्क अधिकाऱ्याची नेमणूकही हवी. तो कोण, हे विचारून अर्ज त्याच्याकडे द्या आणि पोच घ्या.