दूरचित्रवाणीवर बियालोव्हिएझाचे अरण्य कसे पाहावे

पोलंड आणि बेलारूस यांच्या सीमेवरील बियालोव्हिएझा हा युरोपच्या सखल प्रदेशातील प्राचीन अरण्याचा फार मोलाचा अवशेष आहे. मुंबईतल्या घरी बसून ते पाहायचे असेल, तर जेवणे उरकल्यावरची वेळ निवडावी, दिवे मालवावेत आणि टीव्हीचा 'व्हिव्हिड' मोड बंद करावा, कारण त्यात ओक, हॉर्नबीम आणि स्प्रूस यांच्या हिरव्या छटा सारख्याच भडक दिसतात.

पहिल्या वेळी नजर युरोपीय बायसनवर खिळणारच, आणि ती खिळू द्यावी. या अरण्यातला शेवटचा रानटी बायसन १९१९ साली मारला गेला; प्राणिसंग्रहालयांत उरलेल्यांच्या वंशातून १९२९ पासून पैदास सुरू झाली आणि १९५२ मध्ये त्यांना पुन्हा मोकळे सोडण्यात आले. मात्र हिवाळ्यात मोठा कळप एकत्र दिसला, तर आसपास वाळलेल्या गवताचे ढीग आहेत का, हे तपासावे. तिथे त्यांना चारा घातला जातो.

दुसऱ्यांदा पाहताना नजर जमिनीकडे वळवावी, कारण माझ्या मते या अरण्याचा खरा नायक मेलेले झाड आहे. आपल्या रस्त्यावर झाड पडले की ते तोडून उचलले जाते. बियालोव्हिएझाच्या कडक संरक्षित भागात ते जागीच कुजू देतात. वाळलेल्या स्प्रूसचे दृश्य आले की चित्र थांबवावे. सालीच्या खपल्या निघालेल्या दिसल्या, तर बहुधा तिथे तीन बोटांच्या सुतारपक्ष्याने सालीखालच्या भुंगेऱ्यांच्या अळ्या टिपलेल्या असतात; नराच्या डोक्यावरचा पिवळा ठिपका शोधावा. शेवाळाने झाकलेल्या आडव्या खोडावर स्प्रूसची बोटभर रोपे उगवलेली दिसतात. याच भुंगेऱ्यांचे कारण पुढे करून पोलंडने २०१६ मध्ये वृक्षतोड वाढवली, आणि २०१८ मध्ये युरोपीय न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. हा निकाल ठाऊक असेल, तर ते पडलेले खोड निराळेच भासते.

आवाजावर मात्र फार विसंबू नये. दुरून टिपलेल्या दृश्यांना पावलांचे आणि चावण्याचे आवाज अनेकदा नंतर जोडलेले असतात.

पुढच्या रविवारी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, खुल्या असलेल्या वाटेवरूनच, एखाद्या पडलेल्या खोडाशी थांबावे आणि वाळवीची माती, आळंबी, सुतारपक्ष्याची भोके शोधावीत. खोड उलटवू नये, कारण त्याखाली विंचू किंवा साप असू शकतो.