मन्सी गिअरबॉक्सवरचे शिक्के वाचताय? या चुका टाळा

जुन्या शेव्हरोलेखाली आडवं पडून, टॉर्च दातांत धरून माणसं गिअरबॉक्सच्या केसवर, म्हणजे बाहेरच्या आवरणावर, ‘एम २१’ कुठे लिहिलंय ते शोधत राहतात. ते तिथे नसतंच. एम २०, एम २१, एम २२ ही गाडी बुक करताना निवडायच्या ऑप्शनची नावं, ती कागदावरच राहिली. केसवर पहिलं अक्षर सापडेल ते ‘पी’. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात मन्सी नावाच्या गावी जनरल मोटर्सने १९६३ ते १९७४ या मॉडेल वर्षांसाठी जो चार गिअरचा बॉक्स बनवला, त्याची ही खूण. गंमत अशी, की टी-१० हा दुसरा चार गिअरचा बॉक्स बनवणारी वॉर्नर गिअर कंपनीही त्याच गावची, पण तिची खूण ‘डब्ल्यू’. जनरल मोटर्सच्याच सॅगिनॉ बॉक्सची खूण आणखी वेगळी. ‘बॉक्स मन्सीला बनलाय’ एवढ्या माहितीवर सौदा करू नये तो यासाठी.

आधी बॉक्स ओळखा, मग नंबर

नंबर साफ करून वाचण्याआधी साइड कव्हरचे बोल्ट मोजा. नऊ असले तर तो टी-१०. सात असले तर मन्सी किंवा सॅगिनॉ. या दोघांत गल्लत खूप होते, पण रिव्हर्सचा लिव्हर पाहिला की वाद मिटतो: मन्सीचा लिव्हर टेल हाउसिंगवर, म्हणजे केसला मागे जोडलेल्या भागावर, सॅगिनॉचे तिन्ही लिव्हर साइड कव्हरवरच. वर मन्सीची केस ॲल्युमिनियमची, सॅगिनॉची बिडाची. चुंबक लावून पाहा.

ओतीव आकडा आणि ठोकलेला शिक्का

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. केसवर उठून दिसणारा सात आकडी नंबर ओतकामाचा असतो, म्हणजे साच्याचा. तो एकेका बॉक्सचा नसून त्या साच्यातून निघालेल्या सगळ्या केसेसचा सामाईक असतो. ३८८५०१० म्हणजे १९६६-६७च्या सुमाराची केस, ३९२५६६१ म्हणजे १९७०च्या सुमारापासूनची. काळ कळतो, बाकी काही नाही. शिवाय केस, साइड कव्हर आणि टेल हाउसिंग यांचे ओतीव नंबर वेगवेगळे असतात. पन्नास वर्षांत कुणीतरी तडकलेलं टेल हाउसिंग बदललेलं असणं अगदी साहजिक. एका भागावरचा आकडा त्या भागापुरतंच बोलतो.

आपल्याला हवा तो शिक्का पंच मारून धातूत खोलवर ठोकलेला असतो. प्रवाशाच्या बाजूला (अमेरिकी गाडीत उजवीकडे), केस आणि टेल हाउसिंग जिथे जुळतात त्याच्या जवळ शोधा.

समजा तिथे ‘पी ९ सी १२ बी’ असं आहे. पी म्हणजे मन्सी, ९ म्हणजे १९६९, सी म्हणजे मार्च, १२ तारीख, आणि बी म्हणजे क्लोज रेशो, गिअरच्या गुणोत्तरांत अंतर कमी असलेला बॉक्स (अंतर जास्त असेल तर वाइड रेशो). महिन्यांची अक्षरं मात्र ओळीने नाहीत. जानेवारी ते मे ए, बी, सी, डी, ई. पुढे जून एच, जुलै के, ऑगस्ट एम, सप्टेंबर पी, ऑक्टोबर आर, नोव्हेंबर एस, डिसेंबर टी. मी सुरुवातीला एकदा नोव्हेंबरचा एस ५ समजून वाचला आणि तारीख काही केल्या जुळेना. उलट महिन्याच्या जागी एफ किंवा जी दिसलं तर एक तर तुमचं वाचन चुकलंय किंवा शिक्का तरी खोटा.

शेवटचं अक्षर १९६९च्या मॉडेलपासून आलं: ए असेल तर एम २०, बी असेल तर एम २१, सी असेल तर एम २२. आधीच्या बॉक्सवर ते नसतं, म्हणून ‘शेवटचं अक्षर घासून काढलंय’ असा आळ घेऊ नका. सुरुवातीच्या वर्षांत तर वर्षाचा आकडाही ठोकत नसत. तेव्हा ओतीव नंबरचाच आधार घ्यावा लागतो.

हा बॉक्स याच गाडीचा आहे का?

वरच्या शिक्क्यातून बॉक्स कधी बनला ते कळतं, तो कोणत्या गाडीत बसला ते नाही. त्यासाठी दुसरा ठोकलेला नंबर लागतो, चॅसिस नंबरचा तुकडा. १९६८ पासूनच्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत तो बॉक्सवर असायला हवा. ‘१९ एन’ आणि पुढे सहा आकडे, असं असेल तर १ म्हणजे शेव्हरोले, ९ म्हणजे १९६९चं मॉडेल, एन म्हणजे ओहायोतला नॉरवूड कारखाना. एल असेल तर लॉस एंजेलिस. शेवटचे सहा आकडे डॅशबोर्डवरच्या पट्टीशी एकेक करून ताडून पाहा.

मग तारखांचा हिशेब. बॉक्स गाडीच्या आधी बनलेला हवा. बॉडीच्या पट्टीवर ०३ डी, म्हणजे मार्चचा चौथा आठवडा असेल, तर १२ मार्चचा बॉक्स पटतो. मेमधला असेल तर विक्रेत्याची गोष्ट कितीही रंगतदार असू दे, तो बॉक्स नंतर बसवलेला आहे.

नंबर जुळला तरी भिंगातून पाहा. आजूबाजूचा पृष्ठभाग खडबडीत आणि नेमकी शिक्क्याखालची जागा गुळगुळीत, किंचित खोलगट असेल, तर तिथे ग्राइंडर फिरलाय.

वायर ब्रशने घासू नका

ॲल्युमिनियम मऊ असतं. ड्रिलला लावलेला वायर ब्रश किंवा सँडब्लास्टिंग हलका ठोकलेला शिक्का कायमचा खाऊन टाकतं. ग्रीस विरघळवणारं द्रावण आणि नायलॉनचा ब्रश पुरतो. टॉर्च समोरून न मारता बाजूने, पृष्ठभागाला घासून जाईल असा धरा. तरीही वाचता येत नसेल तर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवा. ३ आणि ८ मधला फरक कागदावर उमटतो.

इनपुट शाफ्टच्या खाचा

१९६६ पासूनच्या बॉक्सबद्दल सोपा ठोकताळा आहे. इनपुट शाफ्टच्या (इंजिनाकडच्या दांड्याच्या) स्प्लाइनभोवती, म्हणजे टोकाच्या लांबट कंगोऱ्यांभोवती, दोन गोल खाचा असल्या तर एम २०, एक असली तर एम २१, एकही नसली तर एम २२. हा एम २२ म्हणजे प्रसिद्ध ‘रॉक क्रशर’. त्याच्या गिअरचे दाते कमी तिरपे, म्हणून तो घरघरतो आणि म्हणूनच त्याला भाव मिळतो. पण १९६३ ते ६५च्या एम २० शाफ्टवरही खाच नसते. त्या शाफ्टवरच्या गिअरचे दाते २४, एम २२चे २६. खाच दिसली नाही म्हणून हर्षून न जाता दाते मोजा. तेवढ्यानेही शाफ्टपुरतंच कळतं, कारण तो सुटा बदलता येतो.

बॉक्स खाली उतरवलेला असेल तर शेवटची चाचणी करा. पहिला गिअर टाका, इनपुट आणि आउटपुट दोन्ही शाफ्टवर खडूची खूण करा, आणि आउटपुटचा बरोबर एक फेरा होईपर्यंत इनपुट फिरवा. अडीच फेरे लागले तर २.५२चा वाइड रेशो, दोन पूर्ण आणि एक पंचमांश लागले तर २.२०चा क्लोज. शिक्क्याच्या शेवटी बी आहे आणि फेरे मात्र अडीच भरतायत, तर केस एम २१ची आणि पोटात एम २०चे गिअर.