टायरच्या आवाजाने वैतागलात? नवे टायर घेताना या चुका टाळा

एक दिवस लक्षात येतं, की गाडीत गाणी आपण पूर्वीपेक्षा मोठ्या आवाजात ऐकतोय. साठ-सत्तरचा वेग घेतला की खालून सलग ‘घूंऽऽ’ सुरू होतं आणि खडबडीत रस्ता लागला की मागच्या सीटवरचं बोलणं पुढे ऐकू येत नाही. मग ठरतं, टायर बदलू आणि या वेळी भारी कंपनीचे घालू.

मीही एकदा तेच केलं. चारही टायर नवे घातले आणि दोन दिवस गाडी शांत झाल्यासारखी वाटली. तिसऱ्या दिवशी मोकळ्या रस्त्यावर ‘घूं’ पुन्हा हजर. मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग गेलेलं होतं. म्हणून पहिली चूक तीच सांगतो, जी सगळ्यात महागात पडते.

आवाज कुठला, हे न पाहता टायर बदलणं

टायर आणि बेअरिंग दोघंही चाकाच्या वेगाप्रमाणे गुणगुणतात, त्यामुळे कानाची फसगत होते. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर एकाच वेगाने जाताना स्टिअरिंग किंचित डावीकडे, मग किंचित उजवीकडे घ्या. गाडीचा भार एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर जाताना आवाज वाढला किंवा गळाला, तर संशय बेअरिंगवर. डावीकडे वळताना वाढला तर बहुधा उजवीकडचं, कारण वळणात भार बाहेरच्या चाकावर येतो. तोच वेग ठेवून गिअर बदलल्यावर आवाज बदलत असेल, तर तो इंजिनाकडचा. खडबडीत डांबरावरून गुळगुळीत डांबरावर आल्यावर आवाजाची जातच बदलत असेल, तर मात्र तो टायरचा आहे.

यानंतर हाताने तपासा. गाडी उभी असताना टायरच्या पृष्ठभागावरून तळवा आधी एका दिशेने, मग उलट फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागत असेल, तर टायर तिरके घासले गेलेत. आडवा हात फिरवताना असं लागलं तर बहुतेकदा अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन, बिघडलेली असते. ठिकठिकाणी खळगे पडले असतील तर शॉकॲब्सॉर्बर थकलेत का ते पाहा. थोडक्यात, गाडी टायर खातेय. अशा गाडीवर कितीही शांत टायर चढवा, काही हजार किलोमीटरांत तेही बोलायला लागतील.

फुकटातली एक परीक्षाही आहे. पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करा. आवाजही जागा बदलून गेला तर दोष टायरचा. तो जिथल्या तिथे राहिला तर पैसे टायरवर खर्च करू नका. मात्र काही गाड्यांत पुढच्या आणि मागच्या टायरची साइज वेगळी असते, तिथे ही अदलाबदल चालत नाही.

दिसायला भारी म्हणून साइज वाढवणं

समजा, गाडीला मूळ टायर १८५/६५ आर १५ आहेत. १८५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ६५ म्हणजे रुंदीच्या किती टक्के साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) उंच आहे ते, आणि १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. इथे साइडवॉल साधारण १२० मिलिमीटर भरते आणि पूर्ण टायरचा व्यास ६२१.५.

आता कुणीतरी सुचवतं की सतरा इंची अलॉय घाला आणि त्यावर २१५/४५ आर १७ बसवा. व्यास होतो सुमारे ६२५ मिलिमीटर. फरक एक टक्क्याच्याही आत, म्हणजे स्पीडोमीटरची काही तक्रार नाही. पण साइडवॉल १२० वरून जेमतेम ९७ वर आली. हवा आणि रबर यांची जी गादी रस्त्याचे ठोके पचवते, ती सव्वादोन सेंटिमीटरने पातळ झाली, आणि टायर तीन सेंटिमीटरने रुंद. रुंद टायर जास्त हवा दाबतो आणि सोडतो, शिवाय टायर आणि रस्ता यांच्यामधली निमुळती फट कर्ण्यासारखं काम करून तो आवाज फुगवते. आवाज कमी करायला निघालेल्या माणसाने नेमकं याच्या उलट जायला हवं.

त्यात आणखी एक गोष्ट दडलेली असते. १८५/६५ आर १५ वर सहसा ८८ हा भारांक असतो, म्हणजे एका टायरवर ५६० किलो. २१५/४५ आर १७ साध्या बांधणीत ८७ चा मिळतो, म्हणजे ५४५ किलो. टायर दिसायला दांडगा, पण ताकद कमी! भारांक भरून काढायचा तर ‘एक्स्ट्रा लोड’ प्रकारचा ९१ घ्यावा लागतो. तो जास्त भार पेलतो, पण त्यासाठी हवेचा दाबही जास्त लागतो आणि त्याची बांधणी बहुधा कडक असते. भारांकाच्या पुढे लिहिलेल्या, टायरची कमाल वेगमर्यादा सांगणाऱ्या अक्षराचंही तेच. ‘टी’ म्हणजे १९०, ‘एच’ म्हणजे २१० आणि ‘व्ही’ म्हणजे २४० किलोमीटर ताशी. कंपनीने सांगितलेल्या अक्षराच्या खाली जाऊ नका, पण उगाच दोन पायऱ्या वर चढण्यातही शांततेच्या दृष्टीने लाभ नाही.

काहीजण उलट टोकाला जातात आणि त्याच रिमवर जाड साइडवॉलचा टायर बसवतात. १८५/६५ च्या जागी १९५/६५ घातला तर व्यास ६३४.५ होतो, म्हणजे दोन टक्क्यांहून थोडा जास्त. काटा शंभर दाखवत असताना गाडी आधीपेक्षा दोन किलोमीटर जास्त वेगाने धावतेय. तीन टक्क्यांच्या आत राहावं असा सर्वसाधारण दंडक आहे, पण टायर आतल्या मडगार्डला घासतो का, ते स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहावंच लागतं.

मला विचाराल तर सगळ्यात सुरक्षित वाट अशी: तुमच्या गाडीच्या खालच्या व्हेरिएंटला कंपनीनेच कोणती साइज दिलीय ते पाहा. वरच्या मॉडेलला सोळा इंची आणि खालच्याला पंधरा इंची रिम असतील, तर पंधरावर उतरणं हा शांततेसाठीचा सर्वांत परिणामकारक बदल ठरू शकतो. मात्र वरच्या मॉडेलचे ब्रेक मोठे असू शकतात. पंधरा इंची रिम ब्रेकच्या कॅलिपरवर (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागावर) अडकत नाही, याची खात्री आधी करून घ्या.

लेबलवरचा डेसिबल आकडा गाडीच्या आतला समजणं

युरोपात विकल्या जाणाऱ्या टायरवर २०१२ पासून आवाजाचा आकडा छापावा लागतो आणि २०२१ पासूनच्या लेबलवर त्याच्या शेजारी ए, बी, सी अशी प्रत असते. खरेदीदार तो आकडा गाडीच्या आतला समजतात. तो बाहेरचा आहे. इंजिन बंद ठेवून गाडी सुमारे ८० च्या वेगाने घरंगळत नेतात आणि मार्गाच्या मध्यरेषेपासून साडेसात मीटरवरच्या मायक्रोफोनने तो आवाज मोजतात. तेही ठरावीक, बारीक पोताच्या रस्त्यावर. पत्रा, सीट आणि सस्पेन्शनमधून आत शिरणारी घरघर यात मोजलीच जात नाही.

तरी आकडा अगदीच कुचकामी नाही. एकाच साइजचे दोन टायर समोर असतील आणि एक ६८, दुसरा ७२ असेल, तर फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही, कारण तीन डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. एका डेसिबलच्या फरकावरून मात्र वाद घालत बसू नये.

नुसत्या कंपनीच्या नावावर टायर घेणं

‘अमुक कंपनीचे टायर शांत असतात’ हे वाक्य अर्धवट आहे. मिशेलिनचा प्रायमसी आणि त्याच मिशेलिनचा पायलट स्पोर्ट यांचे स्वभाव वेगळे. ब्रिजस्टोनमध्ये तुरांझा प्रवासाच्या सुखासाठी, तर पोटेंझा पकडीसाठी. कॉन्टिनेंटलचा कम्फर्टकॉन्टॅक्ट आणि स्पोर्टकॉन्टॅक्ट यांच्या नावातच फरक आहे. योकोहामाने तर एका मालिकेच्या नावातच ‘डीबी’ (डेसिबल) घातलंय. कंपनी नंतर ठरवा, आधी मालिका पाहा.

एकाच नावाच्या टायरमध्येही भेद असतो. साइडवॉलवर तारा असेल तर तो टायर बीएमडब्ल्यूच्या मागणीप्रमाणे घडवलेला, ‘एमओ’ असेल तर मर्सिडीजच्या. दुकानातला बिनखुणेचा जुळा भाऊ वागायला वेगळा निघू शकतो.

नक्षीकडेही बघा. मोठमोठे ठोकळे आणि रुंद खाचा असलेले ऑल-टेरेन (कच्च्या रस्त्यांवरही चालणारे) टायर डांबरावर गुरगुरणारच. शांत टायरचे ठोकळे बारीक असतात आणि मुद्दाम असमान लांबीचे केलेले असतात, म्हणजे एकच सूर धरला जात नाही, आवाज विखुरतो.

दुसऱ्या कुणाच्या अनुभवावर टायर घेताना एवढं लक्षात ठेवा, की ‘नवे घातले आणि गाडी एकदम शांत झाली’ म्हणणाऱ्याने नव्या टायरची तुलना आपल्या जुन्या, कडक झालेल्या, वेडेवाकडे झिजलेल्या टायरशी केलेली असते. तसं पाहिलं तर कुठलाही नवा टायर जिंकतोच.

आतल्या फोमकडून जादूची अपेक्षा

कॉन्टिनेंटल, मिशेलिन, पिरेली यांसारख्या कंपन्या काही टायरच्या आतून पॉलियुरेथेनचा फोम चिकटवतात. टायरमधली हवा एखाद्या बंद नळीसारखी घुमते, साधारण २०० ते २५० हर्ट्झच्या आसपास. पुलाच्या सांध्यावर येणारा पोकळ ‘ठण्ण’ बऱ्याचदा तोच. फोम त्याला आवरतो. नक्षीचा सुसाट सूं-सूं आवाज, जो १००० हर्ट्झच्या आसपास जोरात असतो, त्यावर फोमचा फारसा इलाज नाही. इलेक्ट्रिक गाडीत इंजिनाच्या आवाजाचा पडदा नसल्याने पोकळ घुमणं जास्त बोचतं, तिथे फोमचे पैसे वसूल होतात. पंक्चर काढताना तेवढ्या जागेचा फोम कापावा लागतो, हे पंक्चरवाल्याला आधी सांगा.

बसवताना होणाऱ्या चुका

साइडवॉलवर ‘डीओटी’ने सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या शेवटच्या चार आकड्यांत टायरची जन्मतारीख असते. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. रबर वयाने कडक होतं, म्हणून दोन-तीन वर्षं गोदामात पडलेला माल स्वस्तात मिळाला तरी शांततेसाठी घेऊ नका.

‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेरच आली पाहिजे, बाण असेल तर तो गाडी पुढे जाते त्या दिशेलाच हवा. उलटा बसलेला टायर पावसात तर धोकादायक आहेच, शिवाय ओरडतोही. दोनच टायर नवे घेत असाल तर ते मागे घाला, नाहीतर ओल्या रस्त्यावर गाडीचा मागचा भाग घसरू शकतो.

आणि हवा! दुकानातून निघताना बऱ्याचदा चाळीस पीएसआयच्या घरात हवा भरलेली असते. गाडी दगडासारखी आदळते आणि दोष टायरला जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी, टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे हवा करून घ्या. नव्या टायरला पहिले काहीशे किलोमीटर द्या, आणि मग तोच रस्ता, तोच वेग, काचा बंद, एसी बंद ठेवून ऐका.