कूलरचा सीझन लागायच्या आधी दुकानात काय काय पाहून ठेवावं

होळी जळाली की आपल्याकडे माळ्यावरचे कूलर खाली उतरतात आणि पुढच्या आठ-पंधरा दिवसांत काउंटरवर पंप, मोटर, वायर, थ्री-पिन, स्विच याशिवाय दुसरं काही बोललंच जात नाही. त्या गर्दीत माल तपासायला कोणालाच सवड नसते. म्हणून महाशिवरात्र ते होळी हे दिवस धरून चालायचे. तालुक्याच्या ठिकाणी किंवा बाजाराच्या गावात इलेक्ट्रिकलचं दुकान असेल, तर खाली लिहिलेलं सगळं होळीच्या आधीच उरकून घ्या.

सुरुवात एका गैरसमजापासून करतो. आयएसआयचा मार्क कंपनीनं लावला, खोटा निघाला तर कंपनी पाहून घेईल, आपण तर नुसते विकणारे, असं आपले बहुतेक दुकानदार धरून चालतात. हा मार्क ज्या भारतीय मानक ब्युरोचा (बीआयएस), त्याचा २०१६ चा कायदा (तो १२ ऑक्टोबर २०१७ पासून लागू आहे) तसं म्हणत नाही. ज्या वस्तूंना मार्क सक्तीचा आहे त्या बिनमार्काच्या बनवणं, आयात करणं, वाटणं, विकणं, भाड्यानं देणं, विक्रीसाठी साठवणं आणि विक्रीसाठी मांडणं, हे सगळं कलम १७ मध्ये एकाच रांगेत बसवलं आहे. म्हणजे एक नग विकला नसला तरी गोडाऊनमध्ये ठेवलेला माल तुमच्या अंगावर येतो. एखादी वस्तू सक्तीच्या यादीत टाकायची की नाही हे ब्युरो ठरवत नाही. ते केंद्राचं संबंधित मंत्रालय ठरवतं आणि त्यासाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढतं. परवाना देणं, कारखाना तपासणं, बाजारातला माल पाहणं हे पुढचं काम ब्युरोचं. आपल्या भागात ब्युरोचं शाखा कार्यालय नागपुरात आहे.

आता पहिलं काम. दुकानातला सगळा माल एकदा खाली काढा आणि त्याचे दोन ढीग करा, सक्तीचा आणि बाकीचा. घरगुती वायर (मानक क्रमांक आयएस ६९४), भिंतीवरचे स्विच (३८५४), इस्त्री (३६६), पाणी तापवायचा रॉड (३६८) आणि साठवणीचा गिझर (२०८२) हे सक्तीत आहेत. एलईडी बल्ब, मोबाइलचा चार्जर, पॉवर बँक यांना वेगळी नोंदणी लागते आणि त्यांच्या मार्काखाली ‘आर’ अक्षरानं सुरू होणारा क्रमांक असतो. रॉडचा सीझन संपला म्हणून तो मागच्या फळीवर टाकून विसरू नका. मागच्या फळीवरचा मालही साठाच धरला जातो.

दुसरं काम मार्क नीट पाहण्याचं, आणि यात घाई नको. आयएसआयच्या खऱ्या चिन्हाला वर आणि खाली दोन्हीकडे आकडे असतात. वर मानकाचा क्रमांक, खाली ‘सीएम/एल’ असं लिहून त्या कारखान्याचा परवाना क्रमांक. नुसतं चिन्ह आहे आणि खालचा आकडा नाही, तर तो माल तिथंच बाजूला ठेवा. ‘आयएसआय पॅटर्न’, ‘आयएसआय प्रमाणे’ असं डब्यावर ठळक छापलेलं असतं, त्याला कायद्यात काडीचीही किंमत नाही. वायरच्या बाबतीत डबा पाहून भागत नाही, कारण आपण ती मीटरवर कापून देतो आणि डबा आपल्याकडेच राहतो. बंडल उलगडून दोन-तीन हात वायर उजेडात धरा. चांगल्या वायरच्या अंगावर कंपनीचं नाव, जाडी, मानक आणि परवाना सलग छापलेला असतो. ओल्या बोटानं घासून पाहा, शाई बोटाला लागायला नको. मग एक टोक सोलून तार ब्लेडनं खरवडा. वरून तांबूस आणि आतून पांढरं निघालं तर ते ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे. असलं बंडल हातात घेतलं की हलकं लागतं, आणि जुन्या वायरमनला ते न खरवडताही कळतं. दुकानात बसणाऱ्या पोराला मात्र हे एकदा हातानं करून दाखवावं लागतं.

तिसरं काम मोबाइलवरचं. ‘बीआयएस केअर’ हे ब्युरोचं ॲप घ्या आणि परवाना पडताळणीत तो सीएम/एल क्रमांक टाका. कारखान्याचं नाव-पत्ता, कोणत्या वस्तूसाठी परवाना आहे, कोणता ब्रँड आणि परवाना चालू आहे की बंद, हे सगळं समोर येतं. यातलं ‘कोणत्या वस्तूसाठी’ हे नीट वाचा. क्रमांक खरा असतो, पण तो भलत्याच मालाचा किंवा भलत्याच कंपनीचा निघतो, ही नकली मालाची नेहमीची चाल. ब्रँडचं नावही अक्षर अक्षर लावून पाहा. नावाजलेल्या नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे केलेले डबे दर सीझनला बाजारात येतात. दुकानात नेटवर्क मिळत नसेल तर मार्काचे फोटो काढून ठेवा आणि रात्री घरी बसून तपासा. पण माल मांडायच्या आधी तपासा. एकदा गिऱ्हाइकाच्या हाती गेला की तपासून उपयोग नाही.

चौथं काम बिलाचं, आणि माझ्या मते या यादीतलं सगळ्यात महत्त्वाचं. नागपूरच्या इतवारीतून किंवा अकोल्याहून माल आणताना कच्च्या चिठ्ठीवर दोन पैसे सुटतात हे खरं. पण त्या चिठ्ठीवर असतं काय? ‘वायर १० बंडल, स्विच ५ डबे’, खाली रक्कम आणि एक वेडीवाकडी सही. उद्या हा माल खोटा निघाला तर तो तुम्ही कोणाकडून घेतला हे कसं दाखवणार? पक्क्या बिलावर ब्रँड, मानकाचा क्रमांक आणि बॅच लिहून मागा. ठोक व्यापारी कुरकुर करेल, करू द्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादनाच्या दोषामुळे झालेल्या नुकसानीची जबाबदारी आहे आणि त्यातलं कलम ८६ विकणाऱ्यासाठी आहे. माल बनवणारा कोण हे कळत नसेल, किंवा त्याला नोटीस बजावता येत नसेल, तर भरपाईचा दावा विकणाऱ्यावर लागू शकतो. बिनबिलाची, बिनपत्त्याची वायर म्हणजे अगदी तेच. कूलरच्या पाण्यात उभं राहून कोणाला शॉक लागला तर त्या कुटुंबाचा वकील पहिला प्रश्न विचारेल, वायर कुठून घेतली? त्या घरच्यांच्या डोळ्यांसमोर एकच नाव येईल, तुमच्या दुकानाचं.

बिलं महिन्याप्रमाणे फायलीत लावा आणि प्रत्येक बिलामागे ॲपवरच्या पडताळणीचा स्क्रीनशॉट छापून टाचा. एवढं कोण करते, असं वाटेल. पण तपासणीच्या वेळी हीच फाइल आधी काउंटरवर येते, आणि ती असली की पुढचं बोलणं वेगळ्या आवाजात होतं.

गावात बनवून घेतलेल्या कूलरचं सांगायचं राहिलं. बॉडी इथल्या वेल्डिंगवाल्याची, मोटर एका कंपनीची, पंप दुसऱ्याचा, ताट्या तिसऱ्याच्या, आणि जोडणारे आपण. इथं मी कायद्याच्या आधी जीव पाहतो. बॉडी लोखंडी असेल तर तिसरी पिन नुसती शोभेला नको, तिची हिरवी वायर बॉडीला नट-बोल्टनं घट्ट बसलेली हवी. प्लग घेताना आयएस १२९३ पाहा. आत वापरलेली वायर ६९४ चीच हवी, तुकडे जोडून टेप मारलेली नको. गिऱ्हाइकाच्या घरी अर्थिंग आहे का हे विचारायला एक मिनिट लागतं. नसेल तर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच) बसवून घ्या म्हणून सांगा. घेवो न घेवो, सांगा.

गिऱ्हाईक तर म्हणणारच, “भाऊ, हलक्यातला दे ना, दोन महिने तं चालवाचा हाये.” याला उत्तर तयार ठेवा. हलकी वायर दुकानात नसली की वाद होतच नाही. असली की आठवडी बाजाराच्या गर्दीत कोणीतरी ती विकून मोकळा होतो.

तपासणी कशी होते ते थोडं सांगतो, म्हणजे घाबरगुंडी उडणार नाही. एक प्रकार साधा असतो. ब्युरोचे लोक मार्क असलेला माल बाजारातून नमुना म्हणून घेतात आणि प्रयोगशाळेत पाठवतात. त्यात दोष निघाला तर कारवाई मुख्यतः परवानाधारक कंपनीवर होते, मार्क लावणं थांबवायला सांगतात, वेळ पडली तर परवाना जातो आणि बाजारातला माल परत मागवावा लागतो. तुमच्याकडे तोच बॅच असेल तर विक्री थांबवायची, एवढंच. दुसरा प्रकार झडती-जप्तीचा. बिनमार्काचा किंवा खोट्या मार्काचा माल आहे असं मानायला कारण असेल तर कलम २८ खाली अधिकारी आत येऊन शोध घेऊ शकतात आणि माल जप्त करू शकतात. अशा वेळी ओळखपत्र पाहायला मागा, पंचनाम्यात मालाचे नग आणि ब्रँड बरोबर लिहिलेत का ते वाचूनच सही करा, प्रत मागून घ्या. शटर खाली ओढू नका आणि माल मागच्या दारानं शेजाऱ्याकडे पोचवू नका.

आणखी एक. गळ्यात कार्ड अडकवून, जीपमधून उतरून ‘दंड इथंच भरा’ म्हणणारा ‘साहेब’ आला तर नागपूरच्या कार्यालयाला फोन लावून विचारा. दंड कोर्ट ठरवतं, काउंटरवर नगदी मोजायचा नसतो. आपल्याकडे खेड्यातल्या दुकानात बियाणं, खत, किराणा, वायर सगळं एकाच छपराखाली असतं, त्यामुळे कृषी खात्याचे, वजन-मापाचे, अन्न-औषधाचे निरीक्षकही येत असतात. कोण कशासाठी आलं ते आधी विचारून घेतलं की निम्मा गोंधळ मिटतो.

शिक्षेचा आकडा माहीत असावा म्हणून लिहितो. कलम १७ मोडल्यास २ वर्षांपर्यंत कैद, किंवा पहिल्या वेळी किमान २ लाख आणि त्यानंतर किमान ५ लाख रुपये दंड, तो मालाच्या किमतीच्या १० पटीपर्यंत जाऊ शकतो, किंवा दोन्ही. खेड्यातल्या दुकानाचा सगळा साठा विकला तरी एवढे पैसे उभे राहत नाहीत. खटला ब्युरोच गुदरू शकतो असंही नाही, ग्राहकाच्या फिर्यादीवरूनही कोर्ट दखल घेऊ शकतं.

इलेक्ट्रिकलच्या जोडीला भांडी, जनरल माल ठेवणाऱ्यांनी आणखी थोडं पाहावं. कुकरला (२३४७) १ फेब्रुवारी २०२१ पासून सक्ती आहे. दुचाकीच्या हेल्मेटला (४१५१) १ जून २०२१ पासून, तेव्हा हायवेच्या कडेला दोरीवर टांगलेली दोनशे रुपयांची टोपी दुकानात आणूच नका. कुकरच्या बाबतीत मोठेही सुटले नाहीत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्ये ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टला प्रत्येकी १ लाख रुपये दंडाचे आदेश दिले आणि विकलेले कुकर परत घेऊन पैसे द्यायला सांगितलं. ‘ऑनलाइन तर सगळं मिळते’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला हे सांगता येईल.

खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून सक्ती आहे, १४ वर्षांखालच्या मुलांसाठी असलेली सगळी खेळणी त्यात येतात. मग तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे लहान पोरांच्या पोळ्याचे, लाकडी नंदी? ते खेळणं की पूजेची वस्तू यावर वाद घालत बसू नका. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी झालेल्या कारागिरानं बनवून विकलेल्या वस्तूंना या आदेशातून सूट आहे. नंदी करणाऱ्या सुताराकडे त्या नोंदणीचं ओळखपत्र आहे का ते विचारा आणि नसेल तर काढून घ्यायला सांगा, कार्ड झालं की त्याच्याच कामाला येईल. नंदीच्या शेजारी मांडलेल्या प्लास्टिकच्या बंदुका आणि बॅटरीच्या गाड्या मात्र या सुटीत बसत नाहीत, त्यांचा मार्क पाहूनच घ्या.

सक्तीच्या तारखा बऱ्याचदा पुढे ढकलल्या जातात आणि लहान, सूक्ष्म उद्योगांना जादा मुदत मिळते. त्यामुळे मागच्या वर्षीची यादी यंदा तशीच धरू नका. ब्युरोच्या संकेतस्थळावर सक्तीच्या वस्तूंची यादी असते, सीझनच्या आधी ती एकदा पाहा. नकली माल कुठे विकला जातोय हे माहीत असेल तर त्याच ॲपवर तक्रार करता येते आणि तक्रार करणाऱ्याचं नाव बाहेर जात नाही. ग्राहक म्हणून तक्रार असेल तर १९१५ हा नंबर आहे.

राहता राहिला खोटा किंवा बिनमार्काचा म्हणून बाजूला काढलेला ढीग. ज्याच्याकडून घेतला त्याला डेबिट नोट (परत केलेल्या मालाची रक्कम त्याच्या खात्यातून वजा करणारी नोंद) लावून परत करा. तो घेत नसेल तर ‘क्लिअरन्स सेल’ची पाटी लावून विकू नका, तीही विक्रीच. भंगारवाल्याला अख्खा माल दिलात तर पुढच्या बुधवारी तोच माल बाजारात ताडपत्रीवर मांडलेला दिसेल, म्हणून आधी स्विच फोडा, रॉडची वायर कापा, वायरची बंडलं सोलून तार वेगळी करा. तांब्याला भंगारातही बरा भाव मिळतो, म्हणजे ते तांबं निघालं तर.